मी आभार मानायला उभी राहिले

बबन रामू शेलार यांच्यावर अन्याय झाला तो संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी, संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी. वेळ मला मिनिटासकट ठाऊक आहे, कारण त्याचा व्हिडिओ आहे आणि त्यात हॉलच्या भिंतीवरचं घड्याळ स्पष्ट दिसतं. अन्याय करणारी मी. वय सतरा, अंगावर आईची काळी चंद्रकळा, हातात माइक. पुढे त्यांच्या कंपनीने जे केलं ते कंपनीचं पाप आहे आणि ते मी तिच्याच पदरात घालणार आहे. पण सुरुवात माझ्यापासून झाली, म्हणून सांगायलाही माझ्यापासूनच घेते. बबनकाकांचं नाव त्यांना विचारून लिहिलं आहे. बाकी सगळी नावं बदललेली आहेत, त्या डॅनिश बाईचंसुद्धा. तिला मी इथे थीरा म्हणणार आहे.

आम्ही कतारमध्ये अल खोरला राहायचो, बाबांच्या कंपनीच्या वसाहतीत. बाबा गॅसच्या प्रकल्पावर सुरक्षा अभियंता. पहाटे पाचला त्यांची बस यायची आणि वळताना रिव्हर्सची ती पी-पी-पी करायची; माझ्या लहानपणी कोंबडा आरवायचा तो असा. मग मशिदीची बांग, मग आईच्या मिक्सरचा आवाज, आणि या सगळ्याखाली दिवसरात्र चालू असलेली एसीची घरघर, जी बंद पडली की आम्ही सगळे दचकून एकमेकांकडे बघायचो. आई नाशिकची. बाजरी-ज्वारीच्या पिठासाठी तिला दोह्याच्या नजमा भागात जावं लागायचं, कारण तिथल्या एका केरळी दुकानदाराकडे बार्शीची ज्वारी येते असं तिने शोधून काढलं होतं. दर शुक्रवारी आमची स्वारी निघायची. पाऊण तासाचा रस्ता, दोन्ही बाजूंना वाळू, आणि त्या वाळूत वर्षावर्षाला वाढत गेलेल्या क्रेन. वर्ल्ड कपची तयारी म्हणजे आम्हा मुलांना एवढंच दिसायचं: क्रेन, वळवलेले रस्ते, बाल्कनीतल्या कपड्यांवरची धूळ. घरात कुणी विचारलं की हे सगळं वेळेत होईल का, तर बाबा हसून म्हणायचे, "इन्शाल्ला." आई म्हणायची, "इन्शाल्ला काय, माणसं राबतायत म्हणून होतंय." मी हे ऐकायचे आणि इंग्रजीत काहीतरी उर्मट बोलायचे. आई मराठीत रागवायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. आमच्या पिढीची घरातली भाषा हीच.

बबनकाका आमच्या आयुष्यात आले ते मंडळाच्या स्टेजमुळे. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला स्टेज लागायचं आणि ते बांधायला कुणी मिळायचं नाही. कुणीतरी खटाव तालुक्यातल्या या माणसाला घेऊन आलं. बबनकाका परांची बांधायचे. मोठ्या इमारतींना बाहेरून जो पाइपांचा सांगाडा चढवतात, तो. त्यांच्या बांधकाम कंपनीच्या कामावर ते स्टेडियमच्या छतापर्यंत चढलेले, आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या पोरींच्या लावणीसाठी चार फुटांचं स्टेज बांधत होते, तेही तेवढ्याच मनापासून, प्रत्येक क्लॅम्प दोनदा पिळून. आईने त्यांना थालीपीठ दिलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि मान खाली घालून बराच वेळ नुसते चावत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, भाजणी घरची हाय जणू." त्या दिवसापासून आमच्या शुक्रवारच्या फेरीत त्यांचा डबा ठरला. नजमातल्या त्यांच्या खोलीखाली, कॅफेटेरियाच्या बाकड्यावर बसून आम्ही करक, म्हणजे तिथला दाट उकळलेला दुधाचा चहा प्यायचो आणि ते गेल्या आठवड्याचा धुतलेला डबा परत द्यायचे. रिकामा कधी दिला नाही. दोन खजूर, एखादं संत्रं, काहीतरी असायचंच.

एकदा मी त्यांना विचारलं, स्टेडियम पूर्ण झाल्यावर तुम्हाला मॅच बघायला बोलावतील का? ते एवढे हसले की शेजारच्या नेपाळी माणसाने वळून बघितलं. "ताई, आमचं काम म्हंजे पावण्यावानी. इमारत हुभी ऱ्हायली की आमी खलास. सगळं उतरवायचं, ट्रकात भरायचं, आन् चालू लागायचं. गवंड्याची भिंत तरी ऱ्हाती. आमचं काय बी ऱ्हात न्हाई." हे ते तक्रार म्हणून बोलले नव्हते. कौतुकानेच बोलले, आपल्या कामाची गंमत सांगावी तसं. पण मी सतरा वर्षांची होते आणि थीराची भक्त होते, त्यामुळे मला त्यात फक्त अन्याय ऐकू आला.

थीरा मला सापडली शाळेच्या वादविवाद स्पर्धेची तयारी करताना. डेन्मार्कमधल्या एका लहानशा डाव्या पक्षाची ती अध्यक्ष. खाली इंग्रजी अक्षरं येणारा तिचा एक व्हिडिओ होता, संसदेतला. बाप मासेमारीच्या बोटीवर, आई वारलेली. ही सोळाव्या वर्षी मासे साफ करून डब्यांत भरणाऱ्या कारखान्यात लागली. तिथे थंडीत बोटं बधिर व्हायची आणि पात्याखाली जायची. ही कामगारांची प्रतिनिधी झाली, मग नगरपालिकेत निवडून आली, मग संसदेत. पक्षाच्या अधिवेशनात अध्यक्षपदासाठी दोनदा पडली आणि तिसऱ्यांदा निवडून आली. संसदेतल्या तिच्या पहिल्याच भाषणात तिने युक्तिवाद केलाच नाही. एक कागद काढला आणि त्या कारखान्यात बोटं गमावलेल्या बायकांची नावं वाचायला लागली. नाव, गाव, कोणतं बोट. सभापतींनी वेळ संपल्याचं सांगितलं. ही वाचत राहिली. शेवटचं नाव वाचून, कागदाची घडी करून खाली बसली. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. तिची भाषणं मी मराठीत उतरवायचे, वहीत, लाल शाईने. आईला वाचून दाखवायचे. आई पोळ्या लाटता लाटता ऐकायची. एकदा म्हणाली, "बाई धीट आहे. पण त्या बायकांना काय वाटलं असेल गं, बोटांची अशी यादी वाचली तेव्हा?" मी म्हटलं, "They must have felt proud, Aai." आईने लाटणं थांबवलं नाही. "असेल बाई," म्हणाली.

आज मी पत्रकं लिहून पोट भरते. आखातातून परत आलेल्या कामगारांसाठी चालणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या कार्यालयात बसते आणि दिवसाला दोन पानं आग ओकते. लोक विचारतात, हा राग कुठून आणलास? थीराकडून, असं मी सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. आईच्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला फार उशीर झाला, उरलेला राग त्याचा आहे.

थीरा कतारविरुद्ध बोलायला लागली तेव्हा मी तिला पत्र लिहिलं. तिच्या कार्यालयातून उत्तर येईल असं स्वप्नातही नव्हतं, आलं. काही खासदारांबरोबर ती पाहणीला येणार होती. सरकारी फेरीत नमुन्याची वसाहत दाखवतील, रंग दिलेल्या भिंती आणि कॅरमबोर्ड दाखवतील, हे तिला पुरतं माहीत होतं. तिला एक न दाखवलेली खोली बघायची होती आणि बोलणं समजावून सांगणारं कुणीतरी हवं होतं. मी बबनकाकांना विचारलं. त्यांनी दोन शुक्रवार उत्तर दिलं नाही. तिसऱ्या शुक्रवारी डबा हातात घेऊन म्हणाले, "आणा बाईला. पर नाव न्हाई, फोटो न्हाई. माज्या पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वरीस हाय. तेवढं हुईस्तोवर हितं ऱ्हायचं. मग मीच जाणार हाय, पर माझ्या पायानं जाणार. कुणी हुसकून घालवलं म्हून न्हाई."

मी म्हटलं, "काका, शब्द देते."

हा शब्द मी दिला होता. मराठीत दिला होता. नीट वाचा आणि लक्षात ठेवा, कारण पुढे मी काय केलं ते सांगताना मी लहान होते, अजाण होते असलं काहीही म्हणणार नाही.

बाबांना सांगितलं नाही. आईला सांगितलं. आईने तिळाचे लाडू बांधून दिले, "परकी बाई येतेय, रिकाम्या हाताने नेऊ नको." थीरा आली ती टॅक्सीने, एकटी. उंच, लाल नाकाची, खांदे पुरुषी, डाव्या हाताची करंगळी अर्धी. व्हिडिओत ती करंगळी कधी दिसली नव्हती. खोली तिसऱ्या मजल्यावर. दोनमजली खाटा, मधे एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट, दोरीवर कामाचे निळे कपडे, खिडकीला पुठ्ठा. नऊ माणसं. सगळ्यांनी आंघोळी करून इस्त्रीचे शर्ट घातले होते, आणि तिच्यासाठी कुठून तरी एक खुर्ची मागून आणली होती, तिच्यावर टॉवेल अंथरला होता. थीरा खुर्चीवर बसली नाही, खाटेच्या कडेवर बसली. बबनकाकांना ते आवडलं नाही. "खुर्चीवर बसा म्हनावं. आमी आणलीय." मी सांगितलं. ती पटकन उठली आणि खुर्चीवर बसली, अगदी शाळेतल्या मुलीसारखी, आणि सगळे हसले.

मग बबनकाकांनी खाटेखालून पट्टा काढला. उंचावर काम करताना कंबरेला-खांद्याला बांधतात तो. शिवण उसवलेली, धागे मिशीसारखे बाहेर आलेले, हूक झिजून गुळगुळीत. "ह्यो बगा. नवे पट्टे मिळाले म्हून आमच्या समद्यांच्या सह्या घेतल्यात. कागदावर नवे हाईत. अंगावर ह्येच." थीराने पट्टा हातात घेतला, शिवण बोटाने चाचपली. तिने वही काढली होती ती मिटली, पर्समध्ये टाकली. मला म्हणाली, "No names. Tell them. I will write nothing here that has a name." मी सांगितलं. खोली एकदम सैल झाली. कुणी चहा आणला, कुणी फोनवर मुलांचे फोटो दाखवले. तिने लाडू खाल्ला, दाताला चिकटला, तिने तोंड वेडंवाकडं केलं आणि पुन्हा हशा. जिना उतरताना मी तिला विचारलं, नावं घेणं हीच तर तुमची लढाई ना? ती म्हणाली, "Not today." रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता, तिला टॅक्सी हवी होती. मी पुढे विचारलं नाही. तेव्हाच विचारायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी मंडळाचं तिळगूळ होतं. त्यात थीरा कशी आली? देवधरकाकांमुळे. देवधरकाका मंडळाचे सचिव. मंडळाकडे येणारा पाहुणा आणि नाशिककरांकडे येणारा चिवडा, दोन्ही ते सोडत नसत. आईच्या तोंडून निसटलं की माझ्या ओळखीची एक डॅनिश खासदार दोह्यात आहे, आणि काकांचा फोन. "अहो वहिनी, डायरेक्ट युरोपची खासदार! पक्षाध्यक्ष! आणि तुम्ही मला आत्ता सांगताय? तिळगूळ घ्यायला आणा त्यांना. पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं." थीराने होकार दिला, कारण मी विचारलं आणि माझा उत्साह तिला मोडवला नाही. तिने नंतर स्वतःच असं लिहिलं. काकांनी आभारप्रदर्शन माझ्याकडे दिलं. "तुझीच ओळख आहे, तूच बोल. फक्त एक लक्षात ठेव, एकही नाव सुटता कामा नये. मागच्या वर्षी कुलकर्णीबाईंचं राहिलं, वर्षभर फिरकल्या नाहीत."

मराठी माणसाला आभारप्रदर्शन काय असतं ते सांगायला नको. कार्यक्रम कसाही होवो, नावांची यादी झाल्याशिवाय तो संपत नाही. माइकवाला, मंडपवाला, अल्पोपाहाराचे प्रायोजक, ज्यांनी गाडी दिली ते, ज्यांनी सतरंजी आणली ते. ज्याचं नाव येतं तो उभा राहतो, हात जोडतो, बसतो. नाव घेणं म्हणजे माणसाला मान देणं, आणि नाव न घेणं म्हणजे वर्षभराचा अबोला. हे मी लहानपणापासून पाहत आले होते, आणि त्यावर थीराची यादी चढली होती. दोन्ही मिळून माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली: नाव घ्यायचं. त्या हॉलमध्ये स्टेज बांधणाऱ्याचं नाव आजवर एकदाही कुणी घेतलं नव्हतं. मंडपवाल्याचं घ्यायचे, तो पैसे घेणारा. बांधणाऱ्याचं नाही. मी काकांनी दिलेली यादी वाचत गेले. थीराला हळदीकुंकू झालं होतं, वाण म्हणून स्टीलची चाळणी मिळाली होती, ती तिने मांडीवर धरली होती. मी अल्पोपाहाराच्या प्रायोजकांचं नाव घेतलं. ते तिसऱ्या रांगेत होते, एका बांधकाम कंपनीचे मनुष्यबळ अधिकारी, आपले पुण्याचेच. उठले, हात जोडले, बसले. ती कोणती कंपनी, कुणाची माणसं कुठल्या कामावर, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. बबनकाकांच्या निळ्या शर्टावर तीच अक्षरं होती. वाचून डोक्यात शिरलं नव्हतं एवढंच.

यादी संपली. मी संपवलं नाही.

"आणि शेवटी," मी म्हटलं, आणि हे सगळं व्हिडिओत आहे, माझा स्वतःवर खूश असलेला आवाज, "ज्यांचं नाव अशा हॉलमध्ये कधीच घेतलं जात नाही, असे साताऱ्याचे श्री. बबन रामू शेलार. हे स्टेज त्यांनी बांधलं. आज सकाळी नजमामधली आपली खोली त्यांनी आपल्या पाहुण्यांना उघडून दाखवली. उसवलेला पट्टा दाखवला. खरं बोलण्याची हिंमत दाखवली. त्यांचे आभार."

टाळ्या पडल्या. बबनकाका मागे, स्टेज उतरवायचं म्हणून, पान्हा घेऊन उभेच होते, भिंतीला टेकून, एका हातात तिळगुळाचा कागद. लोक माना वळवून शोधायला लागले. "पुढे या हो, पुढे या!" देवधरकाका ओरडले. "असे लाजताय काय!" आणि बबनकाका दोन पावलं पुढे आले. पान्हा काखेत धरला, हात जोडले. आपल्याकडे असंच करतात ना, नाव आलं की. थीराला मराठी कळत नव्हतं. ती सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती. मग पुढे आलेला माणूस कोण ते तिने ओळखलं. तिचे हात मधेच थांबले. तिने माझ्याकडे बघितलं ती नजर व्हिडिओत नाही, कॅमेरा बबनकाकांवर गेला होता. तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनी कार्यक्रमपत्रिका उलटी केली, खिशातून पेन काढलं आणि काहीतरी लिहिलं. त्यांच्या बायकोने विचारलं, काय हो? ते म्हणाले, "काही नाही."

घरी येताना गाडी बाबा चालवत होते. पट्ट्याचं त्यांना त्या माइकवरून कळलं होतं. अल खोरची वेस आल्यावर म्हणाले, "मला विचारायचं होतंस."

"तुम्ही काय केलं असतं?"

"निदान तुझ्या हातातला माइक काढून घेतला असता."

सोमवारी सकाळी बसमध्ये चढण्याआधीच बबनकाकांना बाजूला घेतलं. मंगळवारी दुपारी आईचा फोन वाजला. विमानतळावरून. कुणाचा तरी फोन मागून घेतला होता. आई ओट्याशी उभी होती, स्पीकर चालू. "वहिनी, तुमचा डबा खोलीवरच ऱ्हायला. पोरांना सांगितलंय, देतील." आई म्हणाली, "भाऊजी, डब्याचं काय घेऊन बसलात, काय झालं?" "न्हाई, काय न्हाई. घरी निघालोय." मी फोनकडे झेपावले, रडत माफी मागायला लागले. पलीकडे विमानतळावरची घोषणा झाली. मग म्हणाले, "ताई, तुमी शब्द दिलाता." आवाज चढवला नाही. बस, एवढंच बोलले. फोन त्या दुसऱ्या माणसाचा होता, त्याला द्यायचा होता.

कंपनीने कारण काय दिलं? शिस्तभंग. सुट्टीच्या दिवशी परवानगीशिवाय बाहेरचं काम केलं. म्हणजे आमचं स्टेज. जे स्टेज त्यांच्याच अधिकाऱ्याच्या लाडवांच्या प्रायोजकत्वाखाली बांधलं गेलं, ते! बबनकाकांना आखातात पुन्हा येता येणार नाही असा शिक्काही बसला. मुलीचं एक वर्ष गेलं. या सगळ्याला जबाबदार माणसं आजही खुर्चीवर आहेत, बढत्या घेऊन आहेत, आणि दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन गोड बोलत आहेत. तीन आठवड्यांनी त्या खोलीतल्या आठ जणांना नवे पट्टे मिळाले. बाबांनी आपल्या खात्यात काही लिहिलं होतं का, त्यांनी कधी सांगितलं नाही. काही जण म्हणतात, बघ, चांगलंच झालं ना शेवटी. मला असं म्हणणाऱ्याशी मी दुसरं वाक्य बोलत नाही.

थीराला मी पानभर पत्र लिहिलं, रडगाणं. तिचं उत्तर छोटं होतं. ती यादी वाचण्याआधी ती दोन हिवाळे त्या बायकांच्या दारोदार फिरली होती. प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात बसली होती. ज्यांनी नाही म्हटलं त्यांची नावं यादीत नव्हती, आणि अशा बायका वाचलेल्यांपेक्षा जास्त होत्या. यातलं एक अक्षर त्या व्हिडिओत नव्हतं. पुढे तिने लिहिलं होतं की मीही चुकले; खोलीतून थेट निघून जायला हवं होतं, तुमच्या हॉलमध्ये सन्मान करून घ्यायला आले ही माझी हौस. आणि एक विचारणा: पट्ट्याविषयी मी संसदेत बोलले तर चालेल का, त्यांना विचारशील? मी गावी फोन लावला. बबनकाका म्हणाले, "आत्ता न्हाई. त्या खोलीत आठ पोरं हाईत. माजं नाव आलं म्हंजे खोली आली, आन् खोली आली म्हंजे ती आली." मी तसंच कळवलं.

ती बोलली नाही. कतारहून परतलेली, पूर्वी सर्वांत मोठ्याने बोलणारी बाई एकदम गप्प झाली. तिच्याच पक्षातल्यांनी तिची टर उडवली. पाहुणचार पचला, म्हणाले. तिने खुलासा केला नाही. पुढच्या अधिवेशनात ती अध्यक्षपद हरली. त्याला इतर कारणं होती, माझ्यामुळे हरली म्हणणं हा शुद्ध अहंकार होईल. पण त्या भांडणात एक वाक्य बोलली असती तर तिची बाजू सावरली असती, आणि ते वाक्य तिने गिळलं, खटाव तालुक्यातल्या एका माणसाने नाही म्हटलं म्हणून. तिची सगळी गाजलेली भाषणं मी लाल शाईने लिहून काढली आहेत. हे न केलेलं भाषण मात्र कुठल्याही वहीत नाही.

बबनकाकांकडे मी तीनदा गेले. पहिल्यांदा ते बाहेर आले नाहीत. दुसऱ्यांदा काकूंनी चहा दिला आणि शेताकडे गेलेत म्हणाल्या. चपला दारातच होत्या. तिसऱ्यांदा, मधे काही वर्षं गेल्यावर, खोलीतली आठही माणसं त्या कंपनीतून बाहेर पडल्याचं मी सांगितलं, तेव्हा ओसरीवर येऊन बसले. मुलगी आता कराडला नर्स आहे. "कशाला पायजे नाव?" मी सांगितलं, मला हे लिहायचंय. ते म्हणाले, "लिवा. पर पट्ट्याचं लिवा. आन् मला गरीब लिवू नका." पान्हा पकडून पकडून त्यांची मूठ आता पूर्ण मिटत नाही, त्याच हाताने त्यांनी मला नाव लिहून दिलं, रामू नीट लिही म्हणाले. माफ केलं का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

तो व्हिडिओ अजून आहे. मंडळाच्या पानावर. काढून टाका म्हणून मी किती वेळा लिहिलं. देवधरकाका म्हणतात, त्यात मुलांचे नाच आहेत, लोक आवडीने बघतात. आता तुमच्याकडे वळते. तुमच्या फोनमध्ये असाच एक माणूस आहे. सोसायटीच्या वॉचमनला ब्लँकेट देतानाचा फोटो. मोलकरणीच्या मुलीला वह्या देतानाचा. पुलावर काम करणाऱ्यांना सरबत वाटतानाचा, खाली त्यांच्या नावासकट, गावासकट, 'सलाम' लिहून टाकलेला. तुम्ही त्याला विचारलं होतं? हात जोडून उभा राहिला म्हणजे हो म्हणाला, असं समजला होतात ना? हे पान इथेच उलटं ठेवा. फोन घ्या. तो माणूस शोधा, आणि आज, उद्या नाही, त्याच्यासमोर जाऊन विचारा. तो नको म्हणाला, किंवा नुसता गप्प राहिला, तर त्याच्यादेखत पुसून टाका.